वाती मोजताना आई चुकायला लागली : म्हातारपणीचं खाणं आणि स्मरणशक्ती

गोदाकाठची :

आई वाती वळते. लग्न होऊन पंचवटीत आली तेव्हापासून, म्हणजे पन्नास वर्षं तरी झाली. देवघराशेजारच्या फडताळात कापसाचं पुडकं, राखेची वाटी आणि दोऱ्याने बांधलेले वातींचे जुडगे. एकेकात शंभर. गल्लीतल्या बायका श्रावणात, कार्तिकात आईकडूनच वाती नेतात आणि कुणी मोजून घेत नाही, कारण आईने बांधलेला जुडगा म्हणजे शंभरच.

गेल्या श्रावणात शेजारच्या काकू एक जुडगा घेऊन परत आल्या. आई आंघोळीला गेलीय हे बघून हळूच म्हणाल्या, "अगं, यात त्र्याऐंशीच आहेत. वातींचं काही नाही गं, पण तुला सांगावंसं वाटलं." त्या रात्री आई झोपल्यावर फडताळातले सगळे जुडगे सोडून मोजले. ९१, ११२, १००, ८७, १२६. पाचांत एक बरोबर.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. आमटीत दोनदा मीठ. हरिपाठ म्हणताना मधलाच अभंग सुटायचा. "दूधवाल्याचे पैसे दिले का गं?" हे सकाळपासून चारदा. पायाला मुंग्या येतात म्हणायची, ते आम्ही नव्या चपलेवर ढकललं होतं. भाऊ म्हणाला, वय झालंय, चौऱ्याहत्तर म्हणजे काही कमी नाही. आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे स्मरणशक्तीचं टॉनिक लिहून दिलं. तीन महिने पाजलं, फरक शून्य.

दुसऱ्या डॉक्टरांनी आईपुढे कोरा कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. आईने बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. मग त्यांनी विचारलं, "आजी, काल सकाळपासून काय काय खाल्लंत?" आईला आठवेना. मी सांगायला गेले, तर लक्षात आलं की मलाही माहीत नाही. मी सकाळी आठला अंबडला कामाला जाते ती सातला परत. आईचं ताट मला फक्त रात्री दिसतं.

आठ दिवस वहीत लिहून आणा म्हणाले. कामाच्या मावशींना विचारून, डबे उघडून बघून लिहिलं. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी अर्धी पोळी वरणाच्या पाण्यात कुस्करून, भाजी तशीच डब्यात. चारला चहा-खारी. रात्री आमच्याबरोबर भात-आमटी. दही बंद, सर्दी होते म्हणून. दूध चहात जाईल तेवढंच. गुरुवार, शनिवार उपास, वर एकादशी आणि संकष्टी, त्या दिवशी साबुदाणा. बाबा गेल्यापासून दुपारी ती एकटी जेवते, आणि एकट्या जिवासाठी भाजी कोण गरम करतं?

रक्त तपासलं. बी-१२ निघालं ११८. दोनशेच्या खाली गेलं की सहसा कमतरता धरतात. थायरॉइड ठीक, सोडियम थोडं कमी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नऊ वर्षांपासून चालू आहे. आता बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केलीत, सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला एक.

डॉक्टर स्पष्ट बोलले, "यातलं बी-१२ मुळे किती आणि दुसऱ्या कशाने किती, ते सहा महिन्यांनी बघू. तोवर ताट सुधारा." ते ताट कसं सुधारायचं यासाठी हा धागा. ज्यांच्या घरी सत्तरीपुढची माणसं आहेत त्यांनी लिहा. काय बदललंत, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही झाला, तेही लिहा.

---

सिन्नरचा :

वाचून घरी फोन लावला आणि आईला विचारलं दुपारी काय जेवलीस. म्हणाली, "जेवले ना." काय, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. रविवारी जाऊन बघतो.

---

फार्मसीतला :

नाशिकरोडला ३१ वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. ताई, तुम्ही मेटफॉर्मिनचा उल्लेख केलात म्हणून लिहितो, कारण हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझा घसा बसला.

मेटफॉर्मिन चांगली गोळी आहे, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. दुसरी गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, ॲसिडिटीची. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल दाबलं की ते सुटत नाही. शिवाय वय वाढेल तसं कित्येकांच्या पोटात आम्ल आपोआपच कमी तयार होतं. म्हणून ज्या खाण्यावर पन्नाशीपर्यंत निभावलं, त्याच खाण्यावर सत्तरीत निभावत नाही. दुकानात दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर दहा-दहा वर्षं नेणारी माणसं मी बघितली आहेत, त्यातल्या बहुतेकांनी बी-१२ एकदाही तपासलेलं नव्हतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पण डॉक्टरांना विचारा, वर्षातून एकदा बी-१२ करू का?

आता उपासाचं. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न असो नसो, साखर खाली आणतात. आमच्या ओळखीतल्या एक आजी एकादशीला संध्याकाळी मुलाला ओळखेनात, असंबद्ध बोलायला लागल्या, अंग घामाने थबथबलं. घरच्यांना वाटलं भ्रम झाला. शेजारच्या मुलीने बोट टोचून साखर बघितली, ५१. साखरपाणी पाजलं, वीस मिनिटांत आजी "माझा चष्मा कुठाय" विचारत होत्या. सकाळी गोळी घेतलेली आणि दिवसभरात दोन केळी. आपल्याकडे 'म्हातारपणाचा भ्रम' म्हणून जे चालतं, त्यात असं बरंच काही दडलेलं असतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, सर्दीची झोप आणणारी साधी गोळी, यातल्या कशानेही वयस्कर माणूस दोन दिवसांत बदलून जातो. अचानक बदल झाला तर आहाराची चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक. रक्त कमी आहे म्हणून कुणी नुसतं फॉलिक ॲसिड देत असेल तर आधी बी-१२ बघून घ्या. फॉलिकने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

---

गोदाकाठची :

काका, मनापासून आभार. आईला ॲसिडिटीची गोळीही चार वर्षं चालू आहे, मी ती 'औषधांत' धरतच नव्हते. उद्या चिठ्ठी घेऊन परत जाते.

---

सिन्नरचा :

एक शंका. आमच्याकडे आई रोज पाच भिजवलेले बदाम आणि दोन अक्रोड खाते, बुद्धीला चांगले म्हणून. मावसभावाने ब्राह्मीचं सरबत आणलंय आणि परदेशातून गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या गोळ्या. यावर महिन्याला बरेच पैसे जातात. खरंच फायदा होतो का?

---

ताटवाटी :

मी आहारतज्ज्ञ आहे, इंदिरानगरला प्रॅक्टिस करते. दोन दिवस धागा वाचत होते, आज सविस्तर लिहिते.

सिन्नरचा, आधी तुमचं. गिंकोवर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त वृद्धांवर कित्येक वर्षं चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले. स्मृतिभ्रंश टळला नाही. अक्रोडावर बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे दोन वर्षांची चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. निरोगी वृद्धांना रोज अक्रोड दिले, न दिलेल्यांच्या तुलनेत बुद्धीच्या चाचण्यांत एकंदर फरक पडला नाही. म्हणून अक्रोड फेकू नका. चांगलं तेल आहे त्यात, खारी-टोस्टच्या जागी मूठभर दाणे, बदाम, अक्रोड काहीही आलं तरी ताट सुधारतंच. पण औषध समजून, बाकी ताट रिकामं ठेवून अक्रोड खाण्यात अर्थ नाही. गिंकोचे पैसे दुधा-दह्याला आणि दातांच्या डॉक्टरला द्या.

आता मूळ विषय. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्या वीस टक्क्यांच्या आसपास एकटा मेंदू खातो. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या आयुष्यभर साफ राहिल्या, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहिले, तर तो जास्त काळ टिकतो. आहाराचा मेंदूशी मुख्य संबंध असा रक्तवाहिन्यांतून जातो. म्हणूनच शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी हृदयासाठीचे दोन आहार एकत्र करून 'माइंड' आहार बांधला. २०१५ मध्ये त्यांनी ९२३ वृद्धांची निरीक्षणं मांडली. जे हा आहार सर्वांत काटेकोर पाळत होते त्यांच्यात अल्झायमरचा धोका ५३ टक्के कमी दिसला, बऱ्यापैकी पाळणाऱ्यांत ३५ टक्के. हे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत असतात, तुम्ही वाचलेच असतील.

पुढचा भाग मात्र कुणी फिरवत नाही. जो माणूस नीट खातो तो बहुतेक वेळा चालतोही, शिकलेलाही असतो, औषधं वेळेवर घेतो. मग फरक आहाराचा की बाकीच्याचा? हे तपासायला ६०४ जणांवर तीन वर्षं खरी चाचणी केली, २०२३ मध्ये निकाल आला. माइंड आहाराचा गट आणि तुलनेचा गट यांच्यात लक्षणीय फरक निघाला नाही. दोन्ही गट थोडे थोडे सुधारले. तुलनेच्या गटालाही आहाराचं मार्गदर्शन होतं, तेही रोज अडीचशे उष्मांक कमी खात होते. माझं मत असं की मेंदूच्या हिशेबाने तीन वर्षं थोडी आहेत आणि दोन्हीकडची माणसं पूर्वीपेक्षा बरंच चांगलं खात होती. पण 'ही भाजी खा, अल्झायमर टळेल' असं मी माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही सांगत नाही, सांगूही नये.

जिथे नुसता आहार नव्हता तिथे फरक दिसला. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं चार गोष्टी एकदम दिल्या : आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष. २०१५ च्या निकालात त्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली सुधारणा नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिली आहेत, सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज. त्या चौदांत 'आहार' असा वेगळा मुद्दा नाही. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कोलेस्टेरॉल आहे, लठ्ठपणा आहे. म्हणजे ताट या चार दारांनी आत येतं. आणि बहिरेपणा आहे, एकटेपणा आहे, तेही विसरू नका.

नाशिकच्या ताटात हे कसं बसवायचं? माइंड आहारात पालेभाजी आठवड्यातून सहादा तरी हवी म्हणतात. आपल्याला त्यातलं ऑलिव्ह तेलही नको आणि ब्लूबेरीही नको. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या बाजारात जा. मेथी, शेपू, तांदुळजा, चुका, घोळ, करडई. मॉरिस यांच्याच २०१८ च्या अभ्यासात रोज वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी न खाणाऱ्यांपेक्षा अकरा वर्षांनी तरुण भरली (हेही निरीक्षणच, हे लक्षात ठेवा). शेंगदाण्याचं तेल चालेल, जवसाची चटणी रोज चमचाभर. गोड खायची इच्छा झाली की जांभूळ, आवळा, हंगामात निफाड-दिंडोरीकडची काळी द्राक्षं, मधुमेह असेल तर मोजून दहा-पंधरा मणी. ब्लूबेरीला जो रंग असतो त्याच जातीचं रंगद्रव्य जांभळात आणि काळ्या द्राक्षांत असतं. पोळीऐवजी एक वेळ नागलीची (नाचणीची) किंवा बाजरीची भाकरी. हुलग्याचे शेंगोळे तर म्हाताऱ्या माणसाला फार उत्तम, डाळ आणि पीठ एका वाडग्यात, चावायचाही त्रास नाही.

आणि प्रथिनं. गोदाकाठची, तुम्ही आईचं जे लिहिलंत त्याचा हिशेब केला. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या वर जात नाही. वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम धरलं तर पंचावन्न किलोच्या बाईला पंचेचाळीस तरी हवीत. वरणाचं पाणी म्हणजे डाळ नव्हे. एक वाटी घट्ट वरण सात ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर दाणे सहा. प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात, चालणं कमी होतं, घरात बसणं वाढतं, आणि तिथून पुढे डोकंही मंदावतं.

---

नवीन आयडी :

छान माहिती. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बी-१२ साठी मोड आलेले मूग, इडली, ताक पुरेसं आहे ना?

---

ताटवाटी :

मोडात बी-१२ नसतं, आणि इडली आंबवली तरी भरवशाचं नसतं. दूध, दही, ताक, पनीर यांत असतं. प्रौढ माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं, आणि अर्धा लिटर दुधात दोनच्या आसपास मिळतं. चहात घातलेल्या चार चमच्यांत ते कुठून येणार? दूध परत परत उकळलं तर त्यातलंही काही जातं.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ धडधाकट मध्यमवयीन पुरुष तपासले होते, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. खाऊन-पिऊन सुखी घरांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. तेव्हा शाकाहार सोडायची गरज नाही, पण तपासणी करा आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. ते जीवनसत्त्व जिवाणूंपासून बनवतात, प्राण्यांपासून नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र प्राणिज जिलेटिनचं नाही ना, ते विचारून घ्या.

---

सातपूर :

बरेच दिवस लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे वडील गिरणा काठचे शेतकरी. आयुष्यभर बाजरीची भाकरी, शेतातली भाजी, घरचं दूध, तंबाखू नाही, दारू नाही. रोज आठ-दहा किलोमीटर पायी. साखर नाही, रक्तदाब नाही. बी-१२ पण तपासलं, बरोबर होतं. एकाहत्तराव्या वर्षी ते गावातल्या गावात वाट चुकले. अल्झायमर निघाला. गेल्या वर्षी गेले. शेवटची दोन वर्षं त्यांनी मला 'मामा' म्हणून हाक मारली, मी त्यांच्या मामासारखा दिसतो म्हणे.

नातेवाईक घरी यायचे आणि आईला विचारायचे, "खायला नीट देत होतीस ना? बदाम देत होतीस ना?" माझी आई त्या प्रश्नाने आतून मोडली. तिला वाटायला लागलं की आपल्याच हातून काही राहिलं. आजही कधी कधी म्हणते, "तूप कमी पडलं का रे?"

या धाग्यावर सगळे चांगल्या भावनेने लिहीत आहेत, ताटवाटींनी तर दोन्ही बाजू मांडल्या. एवढंच सांगतो, आहाराबद्दल बोलताना ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना 'तुम्ही काय खायला घातलंत' असं विचारू नका. काही माणसांना सगळं नीट करूनही होतो.

शेवटी शेवटी वडील जेवायचे विसरत, किंवा जेवून उठले की परत ताट मागत. तेव्हा आम्ही काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग होईल. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसायचाच नाही. गडद रंगाचं ताट घेतलं तर आपोआप हात जायला लागला. एका वेळी एकच पदार्थ पुढे ठेवायचो. चमच्याने जमेना तेव्हा भाकरीचा काला करून लहान लहान गोळे, हातात धरता येतील असे. आणि शेजारी बसून आम्हीही तेच खायचो. समोरचा खाताना दिसला की ते खायचे.

---

गोदाकाठची :

सातपूर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. हे वाचून मला आधी रडू आलं आणि मग भीती वाटली, पण तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ताटाचा रंग उद्याच बदलते.

---

कळवणची लेक :

आमच्या सासूबाई ऐंशीच्या. दोन वर्षांपूर्वी भाकरी सोडली, भाजी सोडली, नुसता चहात बुडवलेला पाव. आम्ही समजलो भूक मेली. लेकीने एकदा टॉर्च धरून तोंडात बघितलं तर खालची कवळी हिरडीला घासून जखम झालेली. सांगितलंच नाही त्यांनी, कवळीला तुमचे पैसे गेले होते म्हणून! कवळी घासून घेतली, आठवड्यात भाकरीवर आल्या. तेव्हा ताई, खाणं कमी झालं तर आधी दात बघा.

आमच्याकडे नागली घरची असते, सुरगाण्याच्या पाहुण्यांकडून येते. सकाळी नागलीची आंबील, ताक घालून, जिरं-लसूण लावून. नागलीत चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हाडांना बरी. चहा-टोस्ट सोडवायचा म्हणून आंबील सुरू केली, आता सासूबाई स्वतः मागतात.

पाण्याचं मात्र मागे लागावं लागतं. म्हातारपणी तहान लागतच नाही. आम्ही सकाळी दोन तांबे भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवतो, संध्याकाळी बघायचं किती उरलं. आधी रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून पीत नसत. आता सगळं पाणी संध्याकाळी सहाच्या आत.

---

प्रेसआजोबा :

मुलांनो, मी स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालो. तुम्ही सगळे आई-वडिलांविषयी लिहिताय, म्हणून त्या बाजूचा एक माणूस लिहितो.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला, मुलगी ठाण्याला. पहिले आठ महिने मी काय खात होतो ते कुणालाही सांगितलं नाही. सकाळी चहा आणि बिस्किटं. दुपारी चहा आणि बिस्किटं. रात्री कुणाचा फोन आला तर सांगायचो, "खिचडी केली." खिचडी करत नव्हतो. एका माणसासाठी कुकर लावायचा, तो गार होईपर्यंत बसायचं, मग एकट्याने ताट घ्यायचं आणि समोरची खुर्ची रिकामी. त्यापेक्षा बिस्किट बरं वाटायचं. वजन अकरा किलो उतरलं. शब्द आठवेनासे झाले. बँकेत सही करताना हात थांबला, आपलं आडनाव कुठल्या अक्षराने सुरू होतं ते क्षणभर सुचेना. ती भीती मी अजून विसरलेलो नाही.

मुलीने ओळखलं, कारण तिने घरी येऊन गॅस सिलिंडर कधी बदलला ते पाहिलं. एक सिलिंडर सात महिने चालला होता! तुम्हाला तुमच्या माणसाचं खरं खाणं जाणून घ्यायचं असेल तर त्यांना विचारू नका, सिलिंडर बघा, तेलाचा डबा बघा, कोथिंबीर फ्रिजमध्ये वाळतेय का ते बघा.

मग आमच्या सोसायटीतले आम्ही पाच जण एकत्र आलो. तिघे विधुर, दोन ताई. दुपारचं जेवण आळीपाळीने एकेकाच्या घरी. मी बहात्तराव्या वर्षापर्यंत चहाशिवाय काही केलं नव्हतं, आता पिठलं आणि मेथीची पातळ भाजी चांगली करतो. जेवताना वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मध्ये ठेवतो. बी-१२ माझंही कमी होतं, गोळी चालू आहे. त्याने फरक पडला की चार माणसांत जेवल्याने, हे मी कसं सांगू? दोन्ही एकाच महिन्यात सुरू झालं. वजन सात किलो परत आलं आणि शब्दकोडं मी बहुतेक पूर्ण करतो.

गोदाकाठची ताई, तुमच्या आईंसाठी भाजी करून ठेवून जाता ते चांगलंच आहे. पण दुपारी साडेबाराला त्यांच्या समोर कोण बसेल, ते आधी बघा.

---

सिन्नरचा :

आजोबा, नमस्कार. रविवारी आईकडे जाऊन आलो. तुम्ही म्हणालात तसं फ्रिज बघितला. दोन आठवड्यांपूर्वी मी आणलेली भाजी पिशवीतच होती. अजून काय लिहू?

---

नवीन आयडी :

उपास बंद करावेत का मग? आमच्या आईला ते सांगणं म्हणजे भांडण.

---

फार्मसीतला :

बंद करा म्हणून सांगायला जाऊ नका, कुणीही ऐकणार नाही, आणि श्रद्धेचा भाग आहे. उपासाला काय खायचं तेवढं बदला. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा दुधातला राजगिरा, दही, उकडलेलं रताळं. सलग उपाशी राहायचं नाही, तीन-चार तासांनी काहीतरी. आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर उपासाच्या दिवशी कोणती किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. चातुर्मास लागायच्या आधी हा कागद घरात पाहिजे.

---

गोदाकाठची :

सहा महिने झाले, म्हणून धागा वर काढतेय.

बी-१२ आता ४६० आहे, इंजेक्शन महिन्याला एक. पायाच्या मुंग्या बऱ्याच गेल्या. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. सोडियमही ठीक. गुरुवारचा उपास आईने सोडला नाही, पण साबुदाण्याच्या जागी भगर-आमटी आली, वाटीभर दह्यासकट. सर्दी झाली नाही, हे ती स्वतःच चार जणींना सांगते.

ताट निळं आणलं. सकाळी आंबील, कळवणची लेक यांच्या पद्धतीने. पालेभाजी मावशी सकाळी बारीक चिरून वरणातच शिजवतात, म्हणजे वेगळी डब्यात राहत नाही. जवसाची चटणी आईला आवडली नाही, कारळ्याची आवडली, मग तीच. वजन अडीच किलोने वाढलं.

आजोबा, तुमचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शेजारच्या काकूही दुपारी एकट्याच असतात, हे मला वीस वर्षं शेजारी राहून सुचलं नव्हतं. आता त्या साडेबाराला आपलं ताट घेऊन आमच्याकडे येतात. जेवण झालं की दोघी ओसरीत बसतात.

परवा डॉक्टरांनी परत घड्याळ काढायला लावलं. आकडे या वेळी सगळीकडे फिरवून नीट बसवले. काटे चुकले, दोन्ही अकरावर. म्हणाले, बरंच परत आलंय, सगळं नाही आलेलं, पुढच्या महिन्यात एमआरआय करू आणि दर सहा महिन्यांनी बघत राहू. दूधवाल्याचा प्रश्न अजून येतो, दिवसातून एक-दोनदा.

काल रात्री फडताळ उघडून जुडगे मोजले. १००, ९७, १००, १००, १००. सकाळी आईला म्हटलं, तुझे जुडगे परत शंभराचे व्हायला लागले. आई म्हणाली, "मी कुठे मोजते आता? मी वळते. मोजायला काकू बसते."